माळ्यावरची हाक आणि बांधावरची ओ

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या अशा सदरात मी कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. आमच्या नातेवाइकांत मी या बाबतीत बदनामच आहे. कुणी घाटात बाई दिसल्याचं सांगायला लागलं की मी विचारायची, किती अंतरावरून? उजेड कुठून येत होता? गाडी कोण चालवत होतं आणि त्याने किती घेतली होती? हळूहळू लोकांनी माझ्यासमोर असल्या गप्पा मारणंच सोडलं. माझा नवरा म्हणतो, हिच्यापुढे भूत आलं तर बिचाऱ्याला आधी ओळखपत्र दाखवावं लागेल.

तर अशा बाईचा हा अनुभव आहे. आजवर तो फक्त नवऱ्याला सांगितला होता. आता लिहितेय, कारण ज्या म्हाताऱ्या माणसापासून तो लपवून ठेवायचा होता, तो आता या जगात नाही.

माझं काम आवाजाचं. गुन्ह्यांच्या तपासात ज्या टेप आणि कॅसेट सापडतात, त्या तपासणाऱ्या विभागात मी टेक्निशियन होते. खंडणीचे फोन, धमक्यांचे फोन… आणि मधूनमधून बंदुकीचे बार. बाराचं काम निघालं की पोलीस आधी माझ्याकडे बघायचे, बाईमाणूस आहे, घाबरेल की काय! पण माझं लहानपण देवळाली कॅम्पात गेलंय. तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई शेजारणीशी बोलणं न थांबवता एका हाताने दुधाचं पातेलं धरून ठेवायची. त्यामुळे बार ऐकून मी दचकत नाही. मला रस असतो बाराच्या मागून काय येतं त्यात. डोंगरावरून पडसाद किती वेळाने आला, एकदा आला की दोनदा, यावरून बार कुठून उडाला ते बऱ्यापैकी सांगता येतं. मात्र त्यासाठी त्याच जागी जाऊन, तीच बंदूक पुन्हा उडवून तो आवाज भरून आणावा लागतो.

ही गोष्ट दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची. दिवाळी नुकतीच झाली होती, उशिराची भातं अजून शेतात उभी होती. जागा म्हणजे इगतपुरी तालुक्यात, घोटीपासून आत, डोंगराला चिकटून असलेली एक वाडी. नाव मुद्दाम देत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराचा उभा कडा, त्याच्या पायथ्यापासून पायऱ्यांसारखी उतरत आलेली भाताची खाचरं. सगळ्यात वरच्या खाचराच्या कडेला राखणीचा माळा, म्हणजे चार खांबांवर उभारलेलं, वर गवताचं छप्पर असलेलं मचाण. आणि खाली, वाडीच्या तोंडाशी पत्र्याचं देऊळ.

त्या भागात पीक तयार व्हायला लागलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातात. म्हणून काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. आणि तिच्याबरोबर एक रीतही असते. अंधारून आल्यावर पिकात काही हललं, तर लगेच बार काढायचा नाही. आधी हाक द्यायची, ‘कोण हाय?’ मग थांबायचं. पुन्हा एकदा हाक द्यायची. पिकात माणूस असेल तर त्याने जिथे असेल तिथून ओ द्यायची. ओ आली नाही तरच बार. ही रीत तिथे कुणी कुणाला शिकवत नाही, चालायला शिकावं तशी ती आपोआप येते.

कोंडाजी आबा नावाच्या म्हाताऱ्याने आदल्या वर्षी याच दिवसांत, दिवस मावळताना, त्या माळ्यावरून बार काढला होता. खाली खाचरात डुक्कर नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा गंगाराम तिथे वाकून फुटलेला बांध बुजवत होता.

गंगाराम जागच्या जागी गेला.

आबा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. हाक दिली, दोनदा दिली, ओ आली नाही, मग बार काढला. याउलट गंगारामची बायको मंजुळा — वय असेल बावीस-तेवीस — तीही एकच सांगत होती. ‘हाक दिली असती तर त्यांनी ओ दिली असती. ते काय मुके व्हते? ओ नाय आली म्हंजी हाकच नव्हती.’ सासरा खोटं बोलतोय, न विचारता बार काढलाय त्याने, असं म्हणून ती माहेरी निघून गेली. तिच्या भावाने तर म्हाताऱ्याने मुद्दामच मारला असा अर्ज दिला होता. बाप-लेकांचं पटत नव्हतं, घरात मोठ्या आवाजात बोलणी चालायची, हे वाडीतल्या लोकांनीही ऐकलं होतं.

यात आमचा संबंध आला तो एका कॅसेटमुळे. त्या संध्याकाळी देवळात भजनी मंडळ बसलं होतं आणि आपलं आपल्याला ऐकायला त्यांनी टेपरेकॉर्डरवर भजन भरून घेतलं होतं. दोन भजनांच्या मधल्या शांततेत तो बार स्पष्ट ऐकू येत होता. पण त्याआधी हाक ऐकू येते का? आम्ही ती कॅसेट किती वेळा ऐकली असेल… टाळ ठेवल्याचा आवाज येतो, कुणी खोकल्याचा येतो, हाक येत नाही. आता ती दिलीच नव्हती म्हणून येत नाही, की माळ्यापासून देवळापर्यंत ती पोचतच नाही? हे ठरवायला एकच मार्ग होता. त्याच दिवसांत, त्याच वेळी, त्याच माळ्यावरून आबालाच हाक द्यायला लावायची, तोच टेपरेकॉर्डर देवळात ठेवायचा आणि बघायचं.

आम्ही दुपारी पोचलो. मी, माझे सर आणि मुद्देमालातली आबाची बंदूक घेऊन आलेले हवालदार. माझ्या मायक्रोफोनवरचं वारा अडवणारं केसाळ आवरण बघून हवालदारांनी विचारलं, ‘मॅडम, मांजर पण आणलंय का साक्षीला?’ मी म्हटलं, ‘हो, आणि ते तुमच्यापेक्षा नीट ऐकतं.’ असं आमचं नेहमीचं चाललं होतं. मग आबा आला आणि आमचं हसणं थांबलं.

वाळलेला, ताठ म्हातारा. जामिनावर होता. मी बाजूने जाऊन म्हटलं, ‘आबा, बसा जरा, चहा घ्या.’ त्याने मानही वळवली नाही. ‘मग्रूर आहे,’ हवालदार हळूच म्हणाले. मला तसं वाटलं नाही, मला वाटलं दुःखाने बधिर झालाय. समोर जाऊन पुन्हा म्हटलं तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘चहा नको ताई. लवकर करा काय ते.’

ठरलं असं. आबा आणि हवालदार माळ्यावर. आबाने हाक द्यायची, थांबायचं, पुन्हा द्यायची आणि मग हवालदारांनी नुसत्या दारूचा बार काढायचा, छर्रे नाहीत. सर खाली देवळात, त्या टेपरेकॉर्डरपाशी. आणि मी खाचरात, गंगाराम जिथे पडला त्या बांधापाशी, माझा रेकॉर्डर आणि दोन मायक्रोफोन घेऊन. एकाची पातळी हाकेसाठी चढवलेली, दुसऱ्याची बारासाठी उतरवलेली. म्हणजे माळ्यावरून निघालेली हाक त्या जागेपर्यंत किती जोरात पोचते तेही कळलं असतं.

मंजुळा आणि तिचा भाऊही आले होते. भाऊ अडून बसला. ‘पोलीस आपलंच खरं करतील. आमच्याकडचं माणूस बी ऐकंल.’ सर वैतागले, पण मला त्यात वावगं दिसलं नाही. माझ्याकडे सरांचे जादा हेडफोन होते. भाऊ म्हणाला, मी ऐकतो. तर मंजुळा पहिल्यांदाच बोलली. ‘मी ऐकणार.’

अशा रीतीने ती माझ्याशेजारी बांधावर येऊन बसली. आदल्या वर्षी नवऱ्याला उचललं त्या जागेपासून हातभर अंतरावर. पदर घट्ट लपेटून घेतला होता, पाय मात्र सतत हलत होते. मी तिला हेडफोन कसे घालायचे ते दाखवलं आणि बजावलं, ‘दुसरी हाक झाली की लगेच काढायचे, नाहीतर बाराने कान फाटतील.’ तिने मान डोलावली. वरच्या खाचरातलं पाणी एका फटीतून खालच्या खाचरात झिरपत होतं. हेडफोनमधून तो आवाज एवढा मोठा येत होता की जणू कानातच झरा सुटलाय. मंजुळाने दचकून पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एवढा जवळ येतो, हे तिला नवीन होतं.

दिवस मावळायला आला. मी लाल रुमाल हलवला. माळ्यावर हवालदारांनी आबाच्या खांद्याला हात लावून त्याला खूण केली.

काहीच आलं नाही.

पुन्हा रुमाल. या वेळी आबाच्या घशातून काहीतरी निघालं, पण ती हाक नव्हती. हवालदार त्याच्याशी काही बोलताना दिसले. मला इतकं वाईट वाटलं! आपण या माणसाकडून काय करून घेतोय? ज्या हाकेने त्याचं सगळं संपलं, तीच हाक त्याच माळ्यावरून, त्याच जागेकडे तोंड करून… आणि कशासाठी, तर माझ्या मशीनची सुई किती हलते ते बघायला. मी मनात म्हटलं, हे नाही जमलं तर बरं होईल. सरांना सांगू, जमलं नाही.

तिसऱ्या वेळी त्याने हाक दिली.

‘हेऽऽऽ… कोण हाय रंऽऽऽ?’

भरदार आवाज. त्या वाळलेल्या अंगात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. कड्यावर आपटून तो परत आला आणि खाचरांवरून खाली गेला. बांधापर्यंत तो अगदी खणखणीत पोचला. मंजुळाचा चेहरा बदललेला मला दिसला. म्हणजे हाक दिली असती तर इथे नक्की ऐकू आली असती, हे तिलाही कळलं.

मग थांबण्याची वेळ. पाण्याचं झिरपणं. रातकिडे. कुठेतरी वाडीत भांडं पडलं.

आणि हेडफोनमध्ये, अगदी जवळ, माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी वाकलेलं उठावं तसा श्वास आला. चिखलातून पाय उपटल्याचा आवाज आला. आणि मग एका तरुण माणसाचा, थोडा दमलेला, घरच्या माणसाशी बोलावं तसा आवाज —

‘मी हाय, आबा… आलो.’

आणि मागून नाकातून सुटलेलं छोटंसं हसू.

मी उजवीकडे पाहिलं. तिथे भात होतं, बांध होता, पाणी होतं. माणूस नव्हता. मला वाटलं, मला एकटीलाच काहीतरी झालं. पण तेवढ्यात मंजुळाने माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली.

माळ्यावरून दुसरी हाक आली. ‘कोण हाय रंऽऽऽ?’

आणि मला कळलं की आबाला ती ओ ऐकू आलेली नाही.

हेडफोन काढायचे होते ना? दोघींपैकी एकीनेही काढले नाहीत. मी उठून दोन्ही हात हलवत ओरडायला लागले, ‘थांबा! थांबा, बार नको!’ मला माहीत होतं की बंदुकीत छर्रे नाहीत. माझ्यासमोरच ती भरली होती. तरीही मी ओरडत होते. आणि मंजुळा… तिने उठून त्या रिकाम्या जागेकडे धाव घेतली. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली. माळ्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली, पाठीमागे कुणीतरी असावं आणि त्याला झाकायचं असावं तशी. हेडफोनची वायर ताणून तुटली.

बार झाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाराला दचकले. चढवलेल्या पातळीमुळे डाव्या कानात जी शीळ सुरू झाली ती पुढे महिनाभर राहिली. कड्यावरून पडसाद आला, पक्षी उठले, माळ्यावर धूर पसरला. मंजुळा तशीच हात पसरून उभी होती. मग हळूहळू खाली बसली, चिखलातच, आणि हाताने पाणी चाचपायला लागली. मी तिच्यापाशी गेले. तिला जवळ घ्यावं की नाही मला कळेना.

आमच्या कामात एक शिस्त असते. दुसऱ्याला काय ऐकू आलं हे विचारताना आपल्याला काय ऐकू आलं ते आधी सांगायचं नाही, नाहीतर ऐकणारा तेच ऐकतो. त्या अवस्थेतही मी ती पाळली, सवयीने म्हणा. मी एवढंच विचारलं, ‘मंजुळा, काय ऐकलंस?’

‘मी हाय आबा, आलो,’ ती म्हणाली. ‘आन् हसले. काम झालं म्हंजी तसंच हसायचे.’

मी हसण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग ती माळ्याकडे बघायला लागली. आबा शिडीवरून हळूहळू उतरत होता. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी एकेक करून जुळत गेलेलं मला दिसलं. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘आबांना ऐकू येत नाय. हे घरात त्यांच्याशी लय मोठ्यानं बोलायचे. मला वाटायचं बापाशी भांडतात. कधीबी बघावं तं आरडून बोलायचे… आबांनी कुणाला कळू दिलं नाय, यांनीबी नाय.’ ती पाण्याकडे वळली. ‘त्या दिवशी दमले असतील. त्या दिवशी मोठ्यानं नाय बोलले.’

दुपारचा चहा मला आठवला. बाजूने बोलल्यावर न वळलेली मान आणि समोर गेल्यावर माझ्या ओठांवर खिळलेले डोळे. कानाशी बंदूक लावून आयुष्य काढलेला माणूस, त्याचे कान त्या बारांनीच हळूहळू खाल्ले होते. परवाना जाईल म्हणून लपवलं असेल, किंवा नुसत्या अभिमानाने. त्याने हाक दिली होती. रीतीने दिली होती, थांबलाही होता. आणि मुलाने रीतीने ओ दिली होती. दोघांनीही काही चुकवलं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

सर देवळाकडून, मंजुळाचा भाऊ त्यांच्या मागे, असे सगळे बांधापाशी जमले. सर माझ्यावर चिडले होते, माझं ओरडणं देवळापर्यंत पोचलं होतं आणि रेकॉर्डिंग वाया गेलं होतं. आबा सगळ्यांच्या मागून आला. तो ना सरांकडे गेला ना पोलिसांकडे. सरळ सुनेसमोर येऊन उभा राहिला. वर्षभरात ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

‘आली का हाक हितवर?’ त्याने विचारलं.

‘आली,’ मंजुळा म्हणाली. त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून. ‘सपष्ट आली, आबा. तुम्ही हाक दिल्ती. माझंच चुकलं.’

‘अगं!’ भाऊ मागून ओरडला. तिने तिकडे पाहिलंही नाही.

मला वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटेल. वर्षभर हेच तर तो सांगत होता. पण त्याचा चेहरा आणखीच केविलवाणा झाला. तो म्हणाला, ‘मंग त्यानं ओ का नाय दिली? म्या लय थांबलो, पोरी. लय थांबलो व्हतो. एकदा ओ दिली असती तं… माझ्यावर रागावला व्हता का त्यो?’

हा प्रश्न घेऊन तो माणूस वर्षभर झोपत होता, उठत होता. कोर्ट नाही, शिक्षा नाही. मुलगा आपल्यावर रागावला होता का, एवढंच.

मंजुळाने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा खरं सांगता आलं असतं. ‘त्यांनी ओ दिली होती, तुम्हाला ऐकू आली नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. तिच्या जागी मी असते तर, प्रामाणिकपणे सांगते, रागाच्या भरात म्हणून गेले असते.

‘नाय आबा,’ ती म्हणाली. ‘वाकून बांध बुजवत व्हते ना. कानापाशी पाणी पडत व्हतं. त्यांना हाक ऐकूच गेली नसंल.’

म्हातारा माझ्याकडे वळला. मी मशीनवाली बाई, माझ्या शब्दाला किंमत. ‘असं व्हतं का, ताई?’

आत्ताच त्या पाण्याशेजारी बसून मी ती हाक खणखणीत ऐकली होती. आवाजाच्या बाबतीत मी कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, कोर्टातही नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि नीट ओठ हलवत म्हणाले, ‘होतं, आबा. पाण्याच्या आवाजात हाक बुडते.’

‘पान्यानं बुडवली,’ तो स्वतःशीच म्हणाला. दोन-तीनदा म्हणाला. मग तिथेच बांधावर बसला आणि मोठ्याने रडला. मंजुळा चिखलाच्या हातांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अंधार पडायला लागल्यावर तिनेच त्याला उठवलं, ‘चला घरी.’ भाऊ एकटाच परत गेला.

आता टेपबद्दल. नाशिकरोडच्या ऑफिसात परत येताना गाडीतच मी ती लावली. पहिली हाक आहे. मग पाण्याचा आवाज, रातकिडे, लांबचं भांडं. मग दुसरी हाक, माझं ओरडणं, वायर तुटल्याचा खटका, बार. मधे काहीही नाही. ना श्वास, ना चिखल, ना शब्द. पुढे विभागात मी तो तुकडा सगळ्या यंत्रांवर घालून बघितला. पातळी वाढवून, संथ करून, पाण्याचा आवाज गाळून. सर म्हणाले, एवढं काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही, माझ्या ओरडण्याने काय काय बिघडलं ते बघतेय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन सरांनी चाचणी पुरी केली. माळ्यावरची हाक देवळातल्या टेपरेकॉर्डरवर येत नाही, त्यामुळे मूळ कॅसेटवर हाक नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, असा अहवाल गेला. मंजुळाने आपलं म्हणणं मागे घेतलं, तिच्या भावाचा अर्ज टिकला नाही आणि ते प्रकरण अपघात म्हणून मिटलं.

माझं काही मिटलं नाही. मी स्वतःला सगळ्या शक्यता विचारून झाल्या. भास? दोघींना एकाच क्षणी, शब्दाला शब्द, हसण्यासकट? तिला नवऱ्याची आस होती हे मान्य. मी तर गंगारामचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. कुठला रेडिओ वायरीत शिरला म्हणावं, तर तो टेपवर यायला हवा होता. जे मायक्रोफोनने पकडलं नाही ते हेडफोनमध्ये कुठून आलं? कुणी मला हाच अनुभव सांगितला असता तर मी त्याला काय काय विचारलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे. ते सगळं मी मला विचारलंय.

मंजुळा त्यानंतर मला एकदाच भेटली, पाच-सहा वर्षांनी. पत्ता शोधत घरी आली. नागलीची भाकरी आणि चटणी बांधून आणली होती. आबा गेल्याचं सांगितलं. झोपेतच गेला. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचा, माझी हाक पोचली होती, पाण्यानं बुडवली. तिने कधी तोंड उघडलं नाही.

‘ताई, तुम्हाला त्यांचा आवाज आठवतो का?’ तिने विचारलं. ‘मला आता आठवत नाय. चेहरा आठवतो, फोटो हाय. आवाज गेला. आठवायला बसले की माझाच आवाज येतो. तुम्ही ऐकलाय म्हणून आले.’

काय सांगणार होते मी? जन्मभर आवाज मोजत आले, पण एखादा आवाज कसा होता हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. ती इतक्या आशेने बघत होती की मी लाज सोडली आणि आवाज जाड करून म्हटलं, ‘मी हाय, आबा… आलो.’ इतकं हास्यास्पद वाटलं मलाच!

ती हसली. पदर तोंडाला लावून हसली. ‘असा नव्हता वो! आबा म्हणताना वर जायचे. आन् आलो असं तोडून नव्हते म्हणत, सोडून द्यायचे…’ आणि बोलता बोलता थबकली. डोळे मोठे झाले. चुकीचा आवाज ऐकल्यावर बरोबर आवाज तिला आठवला होता.

‘मशीन लावा,’ ती घाईने म्हणाली. ‘ताई, लवकर लावा. परत जाईल.’

मी कपाटातून साधा टेपरेकॉर्डर काढला, कोरी कॅसेट घातली आणि तिच्यापुढे धरला. मंजुळाने डोळे मिटले. आणि तिच्या बारीक बायकी आवाजात, पण चाल पूर्ण दुसऱ्या कुणाची, ती म्हणाली, ‘मी हाय, आबाऽ… आलोऽ.’

होता, असाच होता. बोलणं संपलं तरी मी लगेच बटण दाबलं नाही, आवाजाची शेपटी तुटू नये म्हणून आम्ही थोडं थांबतो. टेप नुसती फिरत होती. आणि त्या शांततेत मंजुळा डोळे मिटलेलेच ठेवून, उंबऱ्याशी आलेल्या घरच्या माणसाला म्हणावं तसं, अगदी हळू म्हणाली, ‘या.’

मग मी मशीन बंद केलं आणि कॅसेट तिच्या हातात दिली.